लोकरीच्या आत

“हे बायकांचं आहे, हिंदुराव.”

“असू दे की. आत कोण बघायला येतंय?”

त्यानं तो जांभळट स्वेटर गालाला लावला, मग मनगटाच्या आतल्या बाजूला घासला, मग पुन्हा गालाला. गल्ल्यावरची पोरगी हसू दाबत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हिंदुरावला कसलं काय! बाजारात म्हैस पारखावी तसा तो स्वेटर उलटा करून शिवणी बघत होता.

“श्रीपती, हात लाव जरा. लोणी आहे लोणी. तिकडं शिकाऱ्यांच्या विभागात हीच लोकर, वर नुसती पानाफांद्यांची नक्षी छापलीय आणि किंमत दुप्पट. नक्षी काय ऊब देती होय?”

“जनावराला दिसू नये म्हणून असती ती.”

“वरनं कोट घालणार आहे ना मी? मग जनावर काय माझ्या कोटात डोकावून बघतंय?”

 हिंदुरावच्या हिशोबाला कधीच उत्तर नसायचं.

हे सगळं कॅनडात घडलं, अगदी उत्तरेकडच्या एका लहान गावात. तिथल्या लाकडाच्या कारखान्यात मी वायरमन होतो. हिंदुराव खराडे माझ्याच वारणाकाठचा, शेजारच्या गावचा. मीच खटपट करून त्याला तिथं आणलं होतं. बायको रत्नमाला गावीच, सासरी. त्याला येऊन चार वर्षं होत आली होती आणि तिला कधी आणायचं यावर त्यांचं फोनवर सारखं वाजायचं. फोन माझ्या घरी होता, त्यामुळं निम्मं भांडण माझ्या कानावर पडायचं.

त्या साली आमचा मुकादम वॉल्टर म्हणाला, या वेळी तुम्ही दोघं माझ्याबरोबर शिकारीला चला. तिकडं मूस म्हणून एक जनावर असतं, सांबराच्या जातीचं पण घोड्याहून उंच. परवाना काढून मारतात, आणि एक मारलं की दोन घरांचा हिवाळा निघतो. हिंदुराव हरखून गेला. वॉल्टर म्हातारा माणूस, जन्म जंगलात गेलेला. त्यानं आम्हाला समोर बसवून बजावलं होतं. बंदुकीचं मी बघतो, तुम्ही फक्त कपड्यांचं बघा. अंगाला लागून पातळ लोकर, तिच्यावर जाड लोकर, मग कोट. लोकर भिजली तरी ऊब देते, तिचा आवाज होत नाही आणि आठ दिवस घातली तरी वास मारत नाही. मेरिनो मेंढीची घ्या, ती टोचत नाही. आणि सुती कपडे घरी ठेवा.

म्हणून आम्ही बाजारात आलो होतो. हिंदुरावनं दिवसभर मला फिरवलं. जाड स्वेटर त्यानं जुन्या कपड्यांच्या दुकानातनं काढला, कुणा सैनिकाचा असावा. उजेडाकडं धरून कसरीनं खाल्लेली भोकं शोधली. एक सापडलं काखेत, ते दाखवून भाव आणखी पाडला. विजारही तिथलीच, खरबरीत लोकरीची. लोकर त्याला कळायची, कारण त्यांच्या रानात वर्षानुवर्षं धनगरांची मेंढरं बसायला यायची. अंगाला लागून घालायचा तेवढा त्यानं नवा घेतला, हंगाम सरल्यावर टांगून ठेवलेल्या बायकांच्या कपड्यांतला.

“वॉल्टर म्हणाला ते ध्यानात आहे ना? हा उघड्या अंगावर घालायचा,” मी म्हणालो.

“हो रे बाबा.”

“नुसतं हो म्हणू नकोस.”

“आता काय लिहून देऊ? चल, भूक लागलीय.”

निघायच्या आदल्या दिवशी रत्नमालावहिनींचा फोन आला. पोस्टात जाऊन, रांगेत बसून लावलेला. दिवाळी तोंडावर आली होती. मी स्वयंपाकघरात कांदा चिरत होतो आणि मला फक्त याची बाजू ऐकू येत होती.

“अगं, चार दिवसांची रजा आहे ती. चार दिवसांत तिकडं यायचं कसं?... नाही, ते वेगळं आणि हे वेगळं... शिकार म्हणजे काय चैन नाही... बरं. बरं, राहतो. तू म्हणतेस तर इकडंच राहतो मी.”

त्यानं फोन ठेवला. मी विचारलं, काय झालं? तो म्हणाला, “तिकडंच राहा म्हणाली.” आणि बूट घालून चालता झाला. दुसऱ्या दिवशी गाडीत बसला तो रोजच्यासारखाच. वॉल्टरची टिंगल केली, माझ्या टोपीला नावं ठेवली. त्याच्या मनात काय होतं, मला सांगता येत नाही. त्यानंतर किती हिवाळे मी तोच प्रवास मनात पुन्हा पुन्हा केलाय, पण त्याच्या तोंडावर काही सापडत नाही.

वॉल्टरची जंगलात लाकडाची खोली होती. सकाळी वॉल्टरनं दोघांच्या कोटाची कॉलर ओढून आत बघितलं. माझी करडी लोकर, याची जांभळट. म्हातारा समाधानानं मान हलवून म्हणाला, रंग छान आहे. हिंदुराव लाजला चक्क. मग वॉल्टरनं जागा वाटून दिल्या. मी तळ्याकाठी, तो स्वतः ओढ्याच्या तोंडाशी, हिंदुराव टेकडीपल्याडच्या दलदलीवर. त्याची वाट चढाची होती. “हळू चाल. घाम येऊ देऊ नकोस. घाम आला तर थांब,” वॉल्टर म्हणाला. हिंदुरावला हळू चालणं माहीत नव्हतं. गुडघाभर बर्फातनं तो असा निघाला, जसा काय पलीकडं एसटी उभी आहे.

दुपारनंतर वारं फिरलं. आधी ओला बर्फ पडला, मग बोचरा. मी ठरल्या वेळी परत आलो, वॉल्टर आला. हिंदुराव आला नाही. वॉल्टरनं हवेत बार काढले, उत्तर आलं नाही. अंधारात आम्ही टेकडीवर चढलो, हाका मारल्या. पाऊलखुणा बुजून गेल्या होत्या. मग वॉल्टर गाडी घेऊन माणसं आणायला गेला आणि मी दारात कंदील धरून बसलो. त्या बसण्याविषयी मी कधी कुणाला काही सांगितलेलं नाही आणि आताही सांगणार नाही.

सकाळी सापडला. आधी बंदूक दिसली, झाडाला नीट टेकवून ठेवलेली. मग कोट. मग थोडं पुढं जाड स्वेटर, मग विजार, मग तो जांभळट. एकेक कपडा बर्फावर पडला होता, माणूस घरी आल्यावर चालता चालता काढतो तसा. त्याच्यापुढं एक आडवं पडलेलं खोड होतं, त्याच्या आडोशाला हिंदुराव. गुडघे पोटाशी. अंगावर फक्त चड्डी आणि पांढरी बनियन. बनियन अंगाला चिकटून काचेगत कडक झाली होती.

 वॉल्टर खाली वाकला, त्यानं बनियनची कड दोन बोटांत धरली आणि सोडली. मग माझ्याकडं पाठ करून उभा राहिला.

पोलिसांनी मला विचारलं, याला काही दुःख होतं का? घरी काही भांडण? मी फोनचं सांगितलं. त्यांनी ते टिपून घेतलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मला बसवून काही समजावलं. ते सगळं डोक्यात शिरायला मला वेळ लागला. कपड्यांचं मी कुणाला म्हणजे कुणालाच सांगितलं नाही. माझ्या बायकोलासुद्धा नाही. गावी तार केली त्यात हृदय बंद पडलं असं लिहिलं. माणूस उघडा सापडला हे त्याच्या घरी कसं सांगायचं?

अस्थी घेऊन मी वारणेकाठी गेलो. पण बातमी माझ्या आधी पोचली होती. कॅनडातल्या आमच्या गावात जी दोन-चार देशी घरं होती, त्यातल्या कुणाचा तरी मेहुणा साताऱ्याचा. बंदूक झाडाला टेकवून हिंदुराव आपल्या पायांनी जंगलात निघून गेला, एवढं पसरलं होतं. बायकोशी भांडून गेला, हेही.

सोप्यात त्याचा थोरला भाऊ तात्या बसला होता. चांगला माणूस, पण भाऊ गेल्यावर तो दगड झाला होता. मी कलश ठेवला. तात्यानं त्याला हात लावला नाही. आतल्या दाराकडं बघत, ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “फोनवर काय बोलली होती ती, तुझ्यादेखत बोलली. सांग की आता सगळ्यांना.”

“तात्या, कशाला ते?”

“तिकडंच राहा म्हणाली. राहिला.”

रत्नमालावहिनी चहा घेऊन आल्या होत्या. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. त्यांनी कप ठेवले, एकही हिंदकळला नाही, आणि आत गेल्या. घरातलं कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं, हे माझ्या ध्यानात आलं. पोरं त्यांना ओलांडून जात होती. मागं नांदायचं होतं त्यांना त्याच घरात, आणि नवरा खाल्लेली बाई म्हणून जन्म काढायचा होता.

जेवणं झाली, तात्या गोठ्याकडं गेला. मी माजघरात पाठ टेकली होती तेवढ्यात त्या येऊन दाराला टेकून बसल्या.

“भाऊजी, खरं सांगाल?”

“विचारा.”

“रागानं गेले का हे?”

“वहिनी, हार्टनं—”

“ते तारेत वाचलं मी.” त्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. “तात्या म्हणतात ते खरं असलं तर तसं सांगा. मला सोसेल. पण हे रोजचं सोसत नाही.”

“रोजचं काय?”

“येतात ते.”

मी उठून बसलो.

“दुपारी जरा डोळा लागला की येतात. रात्री कधी नाही. उंबऱ्याच्या बाहेर उभे राहतात. आत या म्हटलं तर येत नाहीत. म्हणतात, रत्ना, लई उकडतंय गं, काढू का? मी म्हणते, नको, गार वारं सुटलंय. मग जातात.” त्या थांबल्या. “बर्फात गेलेल्या माणसाला कशाचं उकडतंय हो? चितेचं का? का माझ्यावर राग आहे, त्याची आग होतीय?”

भर दुपार होती, बाहेर लख्ख ऊन पडलं होतं, आणि माझ्या हातापायांतली ऊब गेली. माझे दात वाजले, खोटं नाही सांगत.

“वहिनी, हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“काय?”

“उकडतंय म्हणून.”

“तेच सांगतात की. दुसरं कोण सांगणार?”

मग मला गप्प बसणं जमेना. डॉक्टरीणबाईंनी मला जे समजावलं होतं ते मी त्यांना समजावलं. थंडीनं माणूस पार शेवटाला आला, की शरीरानं आत आवळून धरलेलं रक्त एकदम कातड्याकडं सुटतं. त्याला अंगाची आग आग झाल्यासारखं वाटतं. भान राहत नाही. बर्फात बसलेला माणूस स्वतःच्या हातानं कपडे काढायला लागतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, अशी माणसं आम्हाला दरवर्षी सापडतात. हे मरायला निघालेले नसतात, हे घरी निघालेले असतात आणि वाटेत उकडतं.

रत्नमालावहिनी ऐकत होत्या. पदराचं टोक त्यांनी मुठीत घट्ट धरलं होतं.

“कपडे काढले होते त्यांनी?”

“हो. कोट, स्वेटर, सगळं.”

“पण इतकी थंडी लागलीच कशी? तुम्ही गेला होता, तुम्हाला नाही लागली. लोकरीचे घेतले होते म्हणाले फोनवर. बायकांचा घेतलाय म्हणून हसत होते आधी. भिजली तरी ऊब देते म्हणाले.”

“देते.”

“मग?”

बाई हुशार होती. मी तिथंच थांबायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण त्या माझ्याकडं आता सरळ बघत होत्या, आणि त्या घरात त्यांच्याशी खरं बोलणारा त्या दिवशी दुसरा माणूस नव्हता.

“आत सुती बनियन होती,” मी म्हणालो. “अंगाला लागून. चढावर घाम आला, तो बनियननं पिऊन घेतला आणि धरून ठेवला. वर लोकर कोरडी होती, पण कातड्याला ओला कापूस. मग वारं सुटलं. ती तेवढी निघाली नाही त्याच्यानं, गोठून चिकटली होती.”

“बिनबाह्यांची?”

“हो.”

“मीच घेतल्या होत्या,” रत्नमालावहिनी म्हणाल्या. “निघाले तेव्हा. इस्लामपुरातनं डझनभर. लहानपणी घोंगड्यानं अंगावर गांधी उठायच्या त्यांच्या, सासूबाई सांगायच्या. म्हणून बजावलं होतं, काही झालं तरी लोकर उघड्या अंगाला लावायची नाही, आत बनियन पाहिजे. शपथ घातली होती.”

बाहेर म्हशीला पाणी पाजताना तात्याचा आवाज येत होता. मला वाटलं, आता ही बाई मोडणार. कशाला तोंड उघडलं मी, एक ओझं काढून दुसरं जास्त जड ठेवलं डोक्यावर. मी म्हणालो, “वहिनी, तुमचा काय दोष त्यात? आपल्याकडं सगळेच घालतात. माझ्या आईनंपण—”

“थांबा.”

त्या विचार करत होत्या. चेहरा बदलत गेला. मला आधी वाटलं रडतायत, पण तसं नव्हतं.

“म्हणजे भांडण झाल्यावर दुसऱ्या दिवशी त्यांनी बनियन घातली.”

“हो.”

“तुम्ही घालू नको म्हणत होता, तो म्हातारा साहेब घालू नको म्हणत होता. तरी घातली.”

“हो.”

“बायकोवर रुसून मरायला निघालेला माणूस बायकोनं सांगितलेली बनियन घालून जातो होय, भाऊजी?”

 त्या उठल्या. पदर सारखा केला आणि सोप्यात जाऊन हाक मारली. थोरल्या दिराला त्यांनी अशी हाक मारलेली त्या घरानं आधी कधी ऐकली नसेल.

“तात्या, जरा आत या.”

तात्या ओल्या हातानं आला.

“तुम्ही म्हणत होता ना, मी मारलं म्हणून. मारलं मी. पण बोलून नाही. माझ्या हातची बनियन होती अंगावर, तिच्यात घाम मुरला आणि गारठून गेले. ह्या भाऊजींनी डोळ्यांनी बघितलंय. माझ्यावर रागावून गेले नाहीत ते. माझं ऐकून गेले. तेवढं सगळ्यांना सांगा.”

तात्यानं माझ्याकडं बघितलं. मी मान हलवली. त्यानं ओले हात धोतराला पुसले. मग खाली बसला, कलश मांडीवर घेतला आणि पोरागत रडला. माणूस गेल्यापासनं पहिल्यांदा रडला म्हणे. रत्नमालावहिनींनी त्याच्यासमोर पाण्याचा तांब्या ठेवला, आणि तो त्यानं घेतला.

मी परत गेलो. वॉल्टर पुढं वारला, कारखाना बंद पडला. थंडी पडली, की अंगात लोकर घालताना माझा हात अजून थबकतो. आरशात बघतो, आत काही नाही ना. आणि मग वाटतं, दाराबाहेर कुणी उभं आहे, आत या म्हटलं तर येणार नाही.

कितीतरी वर्षांनी वारणेकाठी जाणं झालं. रत्नमालावहिनींचे केस पांढरे झाले होते, पण घरात त्यांचा शब्द चालत होता. तात्याच्या सुना त्यांना विचारून स्वयंपाक करत होत्या. मला बरं वाटलं. जेवल्यावर माजघरात बसलो तेव्हा न राहवून मी विचारलं, “वहिनी, अजून येतो का हो तो?”

“नाही. तुम्ही सांगून गेलात, त्या दिवसापासनं नाही आले.”

“सुटला म्हणायचा.”

त्यांनी मान हलवली, पण हो म्हणून नाही.

“मी दुपारची मुद्दाम आडवी होते अजून. झोप लागते, पण कुणी येत नाही.” त्या उंबऱ्याकडं बघत होत्या. “रोज विचारायचे हो, काढू का म्हणून. आणि मी रोज नको म्हणायचे. आता एकदा आले असते तर मी काढा म्हणाले असते. लगेच काढा म्हणाले असते.”